‘वन्स मोअर’ : दाद देण्याची रीत

कोल्हापुरात खासबाग मैदान आणि संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह एकमेकांच्या शेजारी आहेत. दोन्ही राजर्षी शाहू महाराजांच्या काळातली. सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणानिमित्त १९०२ साली महाराज युरोपात गेले होते. त्या प्रवासात पाहिलेल्या रोमच्या जुन्या प्रेक्षागारावरून त्यांना मैदानाची कल्पना सुचली आणि १९१२ मध्ये खासबाग पुरे झाले. शेजारचे पॅलेस थिएटर, म्हणजे आजचे नाट्यगृह, १९१५चे. एकाच गावाचे लोक एका जागी कुस्ती पाहत होते आणि पलीकडे नाटक. दोन्हीकडे ते मोठ्याने आपले मत देत. पण मत देण्याची रीत मात्र दोन्हीकडे वेगळी होती. समोरच्याच्या कामावर आपला कौल कसा द्यावा, किती द्यावा आणि कधी आवरता घ्यावा, याचा मराठी इतिहास शोधायचा तर या दोन वास्तूंमधली भिंत मला सोयीची वाटते.

मैदानात निकाल पंचांचा असतो. कुस्ती चितपट झाली की नाही, हे गर्दीच्या आवाजावर ठरत नाही. प्रेक्षक ओरडतो, हुज्जत घालतो, रेंगाळलेल्या कुस्तीवर नाराज होतो. पण पाठ टेकली का, हे पाहणारा माणूस आखाड्यात उभा असतो. निकालानंतर विजयी मल्ल मैदानाला फेरी मारतो आणि लोक त्याच्या हातावर नोटा ठेवतात. म्हणजे निकाल एकाचा आणि दाद सर्वांची, अशी वाटणी इथे झालेली आहे. त्यामुळे हरलेल्या पैलवानाचा एखादा डाव मनापासून वाखाणला, तरी निकालाला धक्का लागत नाही.

नाट्यगृहात पंच नसतो. तिथे प्रेक्षकांचा आवाज हाच निकाल. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ १८८० साली पुण्यात रंगभूमीवर आले आणि संगीत नाटकाचे युग सुरू झाले. त्याबरोबर प्रेक्षकांच्या हाती एक शस्त्र आले : ‘वन्स मोअर’. या शब्दाचीही गंमत आहे. पसंतीचे गाणे पुन्हा मागताना इंग्रज प्रेक्षक ‘आँकोर’ हा फ्रेंच शब्द ओरडतो. फ्रेंच प्रेक्षक त्याच वेळी ‘बिस’ हा लॅटिन शब्द वापरतो. आणि मराठी प्रेक्षकाने इंग्रजीतून असा शब्द उचलला, जो इंग्रज स्वतः त्या कामी वापरत नाही. मागणी करताना प्रत्येकाला परकी भाषा जवळची वाटली, एवढे खरे.

ही मागणी आवरावी कशी, हा प्रश्न आपल्याआधी युरोपला पडला होता. १७८६ साली व्हिएन्नात मोझार्टच्या ‘फिगारो’ या संगीतिकेत इतकी पदे पुन्हा मागितली गेली, की सम्राट दुसऱ्या जोसेफने एकाहून अधिक गायकांची पदे पुन्हा म्हणू नयेत, असा हुकूम काढला. पुढे पॅरिसमध्ये या दादेचा धंदा झाला. टाळ्या वाजवणारे, हसणारे, डोळे पुसणारे आणि ‘बिस’ ओरडणारे अशी वर्गवारी केलेली भाडोत्री माणसे प्रेक्षागृहात बसवली जात. १९०३ मध्ये मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात प्रेक्षक एका पदाच्या पुनरावृत्तीसाठी अडून बसले, तेव्हा संगीतसंचालक तोस्कानिनी प्रयोग सोडून निघून गेले. राजाचा हुकूम, बाजाराचा भाव आणि कलावंताचा नकार, असे तीन मार्ग युरोपने चोखाळून पाहिले.

आपल्याकडे यांपैकी काहीच झाले नाही. आपल्याकडे तट पडले. काकासाहेब खाडिलकरांचे ‘मानापमान’ १९११ साली मुंबईत आले. त्याच्या पदांना चाली दिल्या त्या कोल्हापूरच्या गोविंदराव टेंब्यांनी. भामिनीच्या भूमिकेत बालगंधर्व होते. त्यांच्यावरही कोल्हापूरचे ऋण होते, कारण लहानपणी त्यांच्या कानाच्या उपचारासाठी शाहू महाराजांनीच त्यांना मिरजेला पाठवले होते. दुसरीकडे कोल्हापूरचेच केशवराव भोसले. १८९० साली जन्मलेला हा मुलगा देवलांच्या ‘शारदा’ नाटकात शारदेचे काम करून नावारूपाला आला आणि १९०८ साली त्याने ‘ललितकलादर्श’ ही मंडळी काढली. एकाचा आवाज लडिवाळ, दुसऱ्याचा चढा आणि पल्लेदार. दोघांचे चाहते वेगळे. ‘वन्स मोअर’ कुठल्या पदाला पडला यापेक्षा तो कुणाला पडला, याची मोजदाद होऊ लागली.

या पार्श्वभूमीवर ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी ‘संयुक्त मानापमान’ झाले. धैर्यधर केशवराव, भामिनी बालगंधर्व. दोन मंडळ्या एका रंगमंचावर आल्या. ‘त्या रात्री कोण सरस ठरले?’ हा वाद पुढे पिढ्यान्‌पिढ्या चालला. आमच्याकडच्या जुन्या मंडळींना केशवरावांखेरीज दुसरे नाव सुचत नसे, पुण्यामुंबईकडचे तेवढ्याच ठामपणे बालगंधर्वांचे नाव घेत. आणि दोन्हीकडे बोलणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो प्रयोग पाहिलेला नव्हता.

मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. ‘मानापमान’चे कथानक असे, की श्रीमंत भामिनी गरीब सेनापती धैर्यधराचा अपमान करते आणि पुढे त्याच्याच पराक्रमावर भाळते. धैर्यधर फिका पडला, तर भामिनीचे मन पालटणे खोटे वाटते. भामिनी फिकी पडली, तर धैर्यधराच्या अपमानाला धार राहत नाही. एकाच्या पदाला डोके वर काढू न देण्याच्या इर्षेने दुसऱ्याच्या पदाला ‘वन्स मोअर’ देणारा प्रेक्षक आपल्या आवडत्या नटाचेच नाटक पाडत असतो. मैदानात दोन मल्लांपैकी एक पडावा लागतो. रंगमंचावर दोघेही उभे राहावे लागतात. खासबागेची रीत भिंतीपलीकडे नेली, की असा घोटाळा होतो. त्या प्रयोगानंतर तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबरला, केशवराव वारले. वय अवघे एकतीस.

दाद देण्याची तिसरी रीत याच गावात नांदत होती. उस्ताद अल्लादियाखाँ शाहू महाराजांच्या आश्रयाला कोल्हापुरात होते. बालगंधर्वांचे गुरू भास्करबुवा बखले हेही त्यांचे शिष्य. अशा गायकीच्या बैठकीत पुन्हा म्हणण्याची मागणी निरर्थक असते, कारण घेतलेली जागा तशीच पुन्हा येणार नाही, हे ऐकणाराही जाणतो. दाद तिथल्या तिथे, समेवर, मान हलवून किंवा एखाद्या ‘वाहवा’ने द्यायची. आणि पसंत पडले नाही तर? गप्प बसायचे. जाणकाराचे गप्प बसणे गवयाला बरोबर कळते. त्या जागी शीळ मारणाऱ्याला गाणे कळत नाही, असेच धरले जाई. नापसंती मौनाने आणि पसंती नेमक्या जागेवर, ही बैठकीची शिस्त.

नाटकाला ही शिस्त लाभली नाही, आणि त्याची किंमत मोजावी लागली. पदामागून पद पुन्हा म्हटले जाऊन प्रयोग लांबत गेले, कथानक पदांसाठी थांबू लागले आणि नट पात्राऐवजी प्रेक्षकांकडे तोंड करून उभा राहू लागला. १९३३ मध्ये ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ आणले ते मोजक्या पदांचे आणि आटोपशीर. ‘वन्स मोअर’ला जागाच ठेवली नव्हती. त्याआधी वर्षभर कोल्हापूरच्या प्रभात कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट आला होता. त्यात हरिश्चंद्र झाले होते गोविंदराव टेंबे. ज्यांच्या चालींवर हजारो कंठांतून ‘वन्स मोअर’ उठले, ते टेंबे आता पडद्यावर गात होते, आणि प्रेक्षकांनी कितीही ओरडले तरी पडद्यावरचा हरिश्चंद्र पुढच्या दृश्याकडे निघून जात होता. मत देणाऱ्यांनी हात आखडता घेतला नाही. शेवटी यंत्रानेच त्यांचे मत ऐकणे बंद केले.

८ ऑगस्ट २०२४च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, त्यांच्या नावाचे नाट्यगृह आगीत जळाले. दुसऱ्या दिवसापासून ते जसे होते तसे पुन्हा उभे करा, अशी मागणी सुरू झाली. मागणी रास्त आहे. भिंती उभ्या राहतील, छत चढेल. पण त्या छताखाली आपण कसे बसणार आहोत, हेही ठरवायला हवे. मला तीन गोष्टी पुरेशा वाटतात. दाद जागेला द्यावी, माणसाला नव्हे. दुसऱ्याला खाली ओढण्यासाठी कुणाला वर चढवू नये. आणि नावडले तर गप्प बसण्याचे बळ अंगी असावे. बोलायचेच असेल, तर प्रयोग संपल्यावर कारणासह बोलावे. टाळीला कारण द्यावे लागत नाही, हुर्योला मात्र द्यावे लागते.