नागपूरला नेण्याआधी : गावातल्या मानसिक आरोग्याच्या अभ्यासाची प्रस्तावना

आंबागडचा किल्ला तुमसरपासून सुमारे १३ किलोमीटरवर, सातपुड्याच्या एका टेकडीवर आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याच्या राजाखान पठाण नावाच्या सुभेदाराने तो १७०० च्या सुमारास बांधला. पुढे नागपूरकर भोसल्यांनी त्याचा तुरुंग केला. मानसिक आरोग्याच्या पुस्तकात किल्ल्याचं काय काम, असं वाचकाला वाटेल. काम एवढंच, की नकोशा माणसाला गावापासून दूर भिंतीआड ठेवायची रीत आपल्याकडे जुनी आहे. वेडाच्या बाबतीत ती इंग्रजी अमदानीत, १८५८ च्या कायद्याने, पक्की झाली. १८६४ मध्ये नागपुरात मनोरुग्णालय सुरू झालं. आजही इकडे कुणाला ‘नागपूरला नेलं’ असं सांगतात, तेव्हा आवाजावर बरंच काही अवलंबून असतं. हृदयाच्या नि हाडाच्या दुखण्यालाही नागपूरच गाठावं लागतं, पण आवाज खाली आला की ऐकणारा समजून जातो आणि पुढे विचारत नाही.

या विषयात नव्याने येणाऱ्या आशाताईला, शिक्षकाला, समाजकार्याच्या विद्यार्थ्याला सुरुवातीलाच एक सांगावंसं वाटतं. ज्याला आपण कलंक म्हणतो, त्यातला मोठा भाग अज्ञानाचा नसून अंतराचा आहे. उपचार लांब असले की माणूस हाताबाहेर गेल्यावरच तिथे पोचतो. गावाने त्या आजाराचं तेवढंच टोक पाहिलेलं असतं, म्हणून ‘हे बरं होत नाही’ अशी खात्री पटते, आणि खात्री पटली की दुसरं घर आपलं माणूस आणखी उशिरा नेतं. कुष्ठरोगाच्या बाबतीत विदर्भाने हेच भोगलं. वर्ध्याजवळच्या दत्तपूरला १९३६ मध्ये मनोहर दिवाणांनी आणि आनंदवनात बाबा आमट्यांनी त्या माणसांना माणूस म्हणून जवळ केलं, हे खरंच. पण गावाची भीती ओसरू लागली ती १९८० नंतर बहुऔषधोपचार गावात पोचला आणि बरी झालेली माणसं गावातच दिसू लागली तेव्हा. नुसत्या भाषणांनी भीती गेल्याचं मला तरी कुठे आढळलेलं नाही.

मनाच्या आजारांबाबतही असा एक पुरावा आपल्याच मुलखात आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत महाराष्ट्र नव्हता, पण शेजारचे मध्य प्रदेश आणि छत्तीसगड होते. बहुतेक मानसिक आजारांत दहापैकी सात किंवा त्याहून जास्त रुग्णांपर्यंत उपचार पोचतच नाहीत, असं त्या पाहणीत दिसलं. विदर्भातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला, त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. गावातल्याच माणसांना शिकवून घरोघर पाठवलं, डॉक्टर जवळ आणला. नैराश्य असलेल्यांपैकी आधी ४.३ टक्के लोक मदत घेत होते, ते प्रमाण दीड वर्षात २७.२ टक्क्यांवर गेलं. तीन चतुर्थांश तरीही बाहेरच राहिले, हेही नोंदवून ठेवावं. पण गावं तीच होती. कमी झालं होतं ते अंतर.

हे काम प्रत्यक्षात कसं दिसतं? बाळंतपणानंतर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जातेच. बाळाचं वजन, नाळ, ताप, सगळं वहीत उतरतं. सासू सपरीत बसून उत्तरं देते, बाळंतीण मान खाली घालून. अशा वेळी ‘बाई, बाळ झोपतो तेव्हा तुला झोप लागते का? गेल्या दोन हप्त्यांत कशातच मन लागत नाही, असं झालं का?’ हे दोन प्रश्न सासू पाणी आणायला आत गेल्यावर विचारायचे. उत्तर लगेच येत नाही. चौदाव्या दिवशी नाही आलं, तर एकविसाव्याला येतं. त्यासाठी नवी योजना, नवी गाडी, वेगळा फलक लागत नाही. फलक तर नकोच, त्याने सगळ्या गावाला कळतं. आणि कुणी ‘जगावंसं वाटत नाही’ म्हणालं, तर विषय बदलू नये. ‘जीव द्यायचा विचार येतो का?’ असं सरळ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. मग त्या माणसाला एकटं सोडायचं नाही, आणि १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक तिथेच लावून द्यायचा. ऑक्टोबर २०२२ पासून ही सेवा चालू आहे, फोनला पैसे पडत नाहीत.

एक आक्षेप मात्र मनापासून ऐकण्यासारखा आहे. ऐन रोवणीत पाऊस दडी मारतो, बांधीतले परे पिवळे पडतात, धानाचे चुकारे रखडतात, सावकार दारात उभा राहतो. अशा माणसाला नैराश्याची गोळी द्यायची की त्याचे पैसे? दोन्ही, असं माझं उत्तर आहे. पण पैशाचा प्रश्न आजाराच्या नावाखाली झाकला जाऊ नये, याचं भान या क्षेत्रात येणाऱ्याने सोडू नये. पुण्याच्या भार्गवी दावर यांनी आयुष्यभर मनोरुग्णालयांच्या सक्तीवर टीका केली. त्यांचं सगळंच पटेल असं नाही, पण वाचल्यावाचून पुढे जाऊ नये.

रोजचं मन सांभाळायच्या रीती गावाला बाहेरून शिकवाव्या लागत नाहीत. दिवाळीनंतरची मंडई, रात्रभरची दंडार, गुरुदेव सेवा मंडळाची सायंप्रार्थना, रोवणीच्या ओळीत वाकून चाललेल्या बायकांच्या गप्पा, बाबा जुमदेवांच्या सेवकांनी सोडवलेली दारू. यातल्या कशालाही मी उपचार म्हणणार नाही. पण मंडईला दरवर्षी येणारा माणूस यंदा आलाच नाही, हे गावाला डॉक्टरच्या आधी कळतं. आमच्या विषयाचे पहिले निदानकार तेच.

मांत्रिकाबद्दल पुढच्या प्रकरणात सविस्तर लिहिलं आहे. इथे एवढंच, की भूत उतरवण्याच्या नावाखाली साखळीने बांधणं, मारणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि मनोरुग्णाला साखळदंड घालायला २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेही बंदी आहे. तोच कायदा उपचार मिळणं हा हक्क मानतो आणि आत्महत्येचा प्रयत्न केलेल्याला गुन्हेगार न समजता तीव्र ताणाखालचा माणूस समजतो. पोलीस पाटलाने निदान हा भाग वाचावा.

पुस्तक पहिल्या पानापासून वाचलं पाहिजे असं नाही. ज्यांच्या घरात कुणी आजारी आहे, त्यांनी औषधांचं प्रकरण आधी उघडावं. गोळ्या कधी लागू पडतात, मध्येच का सोडू नयेत, तोंड कोरडं पडलं तर काय करायचं, हे तिथे आहे. शिक्षकांनी परीक्षांच्या दिवसांवरचं प्रकरण शाळा सुरू होतानाच वाचावं, मार्चमध्ये उशीर झालेला असतो. आशाताईंसाठीचे प्रश्न शेवटच्या पानांवर मोठ्या अक्षरांत छापले आहेत, ते फाडून वहीत चिकटवले तरी चालतील.