अद्भुताचे कारागीर

खारघरच्या डोंगरावर पावसाळ्यात पांढरी धार दिसू लागली, की नव्याने येथे राहावयास आलेला मनुष्य शेजाऱ्यास विचारतो, 'हा धबधबा कोणता?' उत्तर मिळते, 'पांडवकडा.' वनवासाच्या काळात पांडव येथे आले होते, असे जुनी माणसे सांगतात. या कथेला पुरावा कोणी मागत नाही आणि मागूही नये. परंतु एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ज्याने प्रथम या कड्याकडे पाहिले आणि त्याच्या पायथ्याशी भीमाला उभे केले, त्याने दगड-पाण्यात एक चित्र पाहिले होते. त्या कड्याखाली आज जे नगर उभे आहे, तेही आधी कागदावरच उमटले. १९७० साली सिडको स्थापन झाली. नवी मुंबईचे आराखडे आखले गेले. मग रस्ते, चौक, घरे आली. म्हणजे डोंगरावर कल्पनेने वसविलेले पांडव आणि डोंगराखाली कागदावरून उतरलेले शहर, अशा दोन कल्पनांच्या मधोमध खारघरकर राहतात!

आज आम्हांला बोलावयाचे आहे ते अशाच एका विद्येविषयी. चित्रपटात किंवा संगणकावरील खेळात जे राक्षस, पंख असलेली जनावरे, मंतरलेली शस्त्रे आणि मायावी पेट्या दिसतात, त्या प्रत्यक्ष घडण्यापूर्वी कोणीतरी त्यांची चित्रे काढलेली असतात. ही चित्रे भिंतीवर लावण्यासाठी नसतात. सुताराने, शिंप्याने, मूर्तिकाराने, आणि आता संगणकावर आकृती घडविणाऱ्याने, त्यांवरून काम करावयाचे असते. अशा चित्रकारास इंग्रजी नावाने 'कन्सेप्ट आर्टिस्ट' म्हणतात. आपण त्यास संकल्पचित्रकार म्हणू. आज अनेक घरांतली मुले आईबापांना सांगतात, 'मला हेच शिकावयाचे आहे.' आणि आईबाप गोंधळून विचारतात, 'म्हणजे नक्की काय? आणि यात पोट भरते काय?' हा धंदा परदेशातून काल-परवा आला, असा या प्रश्नामागचा समज असतो. तो समज कितपत खरा आहे, हे इतिहासात डोकावून पाहण्यासारखे आहे.

महाभारतातली मयसभा आपणां सर्वांना ठाऊक आहे. जेथे पाणी तेथे जमीन भासते, जमीन तेथे पाणी. दुर्योधनाची फजिती होते आणि पुढचे सारे महाभारत त्या फजितीतून पेट घेते. देखावा नुसता शोभेचा नसतो, तो कथेला पुढे ढकलतो, ही जाण त्या कथेच्या रचनेतच आहे.

आता आपल्याच जिल्ह्याकडे वळू. मुरूडच्या जंजिऱ्याच्या दरवाज्यापाशी एक दगडी जनावर आहे. अंग वाघासिंहाचे, आणि पंजांत चक्क हत्ती धरलेले. महाराष्ट्रातील अनेक किल्ल्यांच्या दरवाज्यांवर अशी शरभशिल्पे आहेत; कोठे त्यांना पंख आहेत, कोठे नाहीत. असा प्राणी कोणी पाहिला होता? कोणीच नाही. तरी तो खोटा वाटत नाही. कारण पाथरवटाला मांजराच्या जातीचे जनावर दबा धरताना खांदे कसे उचलते, हे ठाऊक होते. आणखी एक युक्ती त्याने केली. शरभ केवढा मोठा, हे सांगण्यासाठी त्याने शरभ वाढविला नाही, हत्ती लहान केला! माप कळते ते शेजारच्या वस्तूवरून. हा धडा आजच्या चित्रकारासही पहिल्या वर्षी गिरवावा लागतो.

दुसरे उदाहरण कीर्तिमुखाचे. मंदिराच्या उंबऱ्यावर आणि कमानीवर हा चेहरा आपण नेहमी पाहतो, पण त्याला धड का नाही, हे क्वचितच विचारतो. पुराणकथा अशी की, जालंधराचा दूत होऊन राहू शंकराकडे उद्दाम मागणी घेऊन आला. शंकराच्या क्रोधातून एक भयंकर भुकेला प्राणी निघाला. राहूने अभय मागितले, ते मिळाले. प्राणी म्हणाला, 'मग मी खाऊ काय?' 'स्वतःलाच खा,' अशी आज्ञा झाली आणि त्याने चेहरा तेवढा ठेवून सारे अंग खाऊन टाकले. त्याच्या आकारात जे उणे आहे, ते त्याच्या कथेने उणे केले आहे. ज्या आकृतीमागे कारण असते ती हजार वर्षे टिकते. नुसती शिंगे आणि दात वाढवून केलेले भूत चार दिवसांत विसरले जाते.

शिल्पातून ही विद्या पडद्यावर आली, ती दादासाहेब फाळके यांच्या हातून. १८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या या गृहस्थांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण घेतले; छायाचित्रण केले, छपाईचा धंदा केला, जादूचे प्रयोगही केले. लोकांना हे धरसोडीचे आयुष्य वाटले असेल. पण १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला तेव्हा या साऱ्या विद्या एकत्र झाल्या. १९१७ च्या 'लंकादहना'त मारुतीची पेटती शेपटी आणि १९१९ च्या 'कालियामर्दना'त यमुनेच्या डोहातला नाग दाखवावयाचा होता. कालिया पोथीत वाचणे वेगळे आणि तो हातांनी तयार करणे वेगळे. किती फूट लांब? कशाचा? आणि त्याच्या फण्यावर लहान मुलगी कृष्ण होऊन नाचणार, तर तिचा भार तो सोसेल काय? ती मुलगी म्हणजे फाळक्यांची कन्या मंदाकिनी. पित्याला हा हिशेब चुकवून चालणार नव्हता.

फाळक्यांच्या मागोमाग कोल्हापुरात बाबूराव पेंटर उभे राहिले. १८९० साली कारागिराच्या घरी जन्मलेले बाबूराव कृष्णराव मेस्त्री आणि त्यांचे आतेमामे-चुलत नात्यातले बंधू आनंदराव हे नाटक कंपन्यांचे पडदे रंगवीत. अरण्य, राजवाडा, रस्ता, असे पडदे गुंडाळीतून सुटत आणि टाळ्या घेत. पुढे दोघांना चित्रपटाचे वेड लागले. कॅमेरा विकत घेण्याइतका पैसा नव्हता, तेव्हा तो घरीच बनविण्याचा घाट त्यांनी घातला. १९१६ साली आनंदराव गेले. बाबूराव खचले असतील, पण थांबले नाहीत. विष्णुपंत दामल्यांच्या साहाय्याने त्यांनी यंत्र पुरे केले, तानीबाई कागलकरांनी पैसा दिला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली.

त्यांचा पहिला चित्रपट 'सैरंध्री' १९२० साली आला. विषय कोणता? पांडवांचा अज्ञातवास! खारघरच्या माणसाने हा योगायोग कौतुकाने लक्षात ठेवावा. त्यातील भीमाने केलेला कीचकवध इतका खरा वाटला की सरकारी परीक्षकांनी त्यावर आक्षेप घेतला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हणून गौरविले.

पडदे रंगविणाऱ्या या माणसानेच रंगविलेला पडदा मोडीत काढला, हे बाबूरावांचे मोठेपण आम्हांस विशेष वाटते. कॅमेऱ्याला सपाट कापडावरचे खांब खोटे दिसतात, हे त्यांनी ओळखले आणि लांबी, रुंदी, खोली असलेले देखावे उभारले. पोषाखांची, पात्रांच्या हालचालींची रेखाटने ते चित्रणाच्या आधी स्वतः काढीत. आज ज्याला संकल्पचित्र म्हणतात, ते याहून निराळे काय आहे? कोल्हापुरात ही पाठशाळाच होती. दामले, फत्तेलाल, व्ही. शांताराम, धायबर ही मंडळी तेथे पडेल ते काम करीत शिकली आणि १९२९ साली त्यांनी सीताराम कुलकर्णींसह प्रभात फिल्म कंपनी काढली.

प्रभातच्या कलाविभागाची धुरा शेख फत्तेलाल यांच्याकडे होती. १९३६ च्या 'संत तुकाराम' चित्रपटाचा शेवट आठवा. तुकोबांना न्यावयास गरुडाच्या आकाराचे विमान येते. त्याआधी दीड-दोन तास आपण देहूचे घर, जिजाईची कावलेली माया, मुले, जनावर, दाणागोटा पाहिलेला असतो. ते घर पटते, म्हणून ते विमानही पटते. चमत्काराचा पाया साध्या वस्तूंत असतो. घरातले मडके ज्याला खरे काढता येत नाही, त्याचे विमान उडत नाही.

परदेशांतही वाट हीच होती. १९३३ च्या 'किंग काँग'मधला अजस्र वानर दीड-दोन फूट उंचीचा पुतळा होता. आत धातूचा सांगाडा, वर केस. १९७७ च्या 'स्टार वॉर्स'साठी राल्फ मॅक्वारी यांनी आधी चित्रे रंगविली. त्यातल्या खलपुरुषाच्या तोंडावर मुखवटा आला, कारण चित्रकाराने विचार केला की एका जहाजातून दुसऱ्यात अवकाशातून जावयाचे तर श्वास कसा घेणार? साऱ्या जगाला ठाऊक झालेला तो चेहरा एका साध्या व्यावहारिक प्रश्नातून आला.

मग ही विद्या शिकावयाची कशी? एक उदाहरण घेऊ. तानाजीने १६७० साली सिंहगड घेतला, त्या कथेतली यशवंती घोरपड पोवाड्यांतून घराघरांत पोहोचली आहे. ती चित्रपटासाठी काढावयाची आहे, असे समजा. पहिले काम, खरी घोरपड पाहणे. ती पाच फुटांच्या आसपास वाढते. नखे आकड्यासारखी वळलेली, शेपूट दोन्ही बाजूंनी चपटी, जीभ दुभंगलेली. दुसरे काम, हिशेब. गडी दोर धरून चढणार, तर या एवढ्याशा प्राण्याचे आकारमान किती वाढवावे, म्हणजे तिचे बळ पटेल आणि ती घोरपडच राहील? तिसरे काम, छायाकृती. अंगावरचे सारे बारकावे पुसून काळा ठसा तेवढा ठेवला, तर लहान मूल तिला ओळखेल काय? अशा वीस-पंचवीस आकृती काढून त्यांतली एक निवडावी. चौथे काम, तिचा इतिहास. कमरेला दोर नेहमी बांधला जातो, तर तेथे खवले घासलेले असतील. मग समोरून, बाजूने, मागून अशी चित्रे काढावी, म्हणजे घडविणाऱ्यास विचारावयास परत यावे लागणार नाही.

वस्तूंचेही तसेच. तलवार काढताना मूठ कोणाच्या हाताची, हे आधी ठरवावे. डावखुऱ्याच्या मुठीवरची झीज वेगळी असते. राही अनिल बर्वे यांच्या २०१८ च्या 'तुंबाड' चित्रपटात हस्तर नावाच्या भुकेल्या देवतेला भुलविण्यासाठी माणूस कणकेची बाहुली घेऊन उतरतो. रत्नजडित दंड नाही, मंतरलेला मणी नाही. प्रत्येक स्वयंपाकघरात असते ती कणीक! पण भूक हाच त्या कथेचा विषय असल्यामुळे त्या बाहुलीइतकी भयंकर वस्तू दुसरी सुचली नसती. ज्याने परातीत कणीक मळताना पाहिली आहे, त्यालाच ती सुचणार.

आता एका दुःखाची गोष्ट. फाळक्यांच्या आणि बाबूरावांच्या मूकपटांपैकी बहुतेक नष्ट झाले. २००३ साली पुण्यात लागलेल्या आगीत जुन्या नायट्रेट फिल्मचा मोठा साठा जळाला. चित्रपटांचीच ही गत, तर त्यांच्यासाठी काढलेल्या कच्च्या रेखाटनांना कोण विचारतो? काम झाले, कागद रद्दीत गेला. जंजिऱ्याच्या पाथरवटाचे नाव आपणांस ठाऊक नाही, आणि कालियाचा फणा ज्याने रंगविला त्याचेही नाही. आज तर क्षणार्धात हवे ते चित्र काढून देणारी यंत्रे आली आहेत. ती पूर्वीच्या असंख्य अनाम हातांच्या कामावर पोसलेली आहेत, आणि आईबापांच्या मनातली भीती त्यांनी वाढविली आहे. ती भीती खोटी आहे, असे आम्ही म्हणणार नाही. भराभर सुबक चित्र काढणे एवढ्यावरच ज्याची भाकरी होती, त्याची भाकरी खरोखरच धोक्यात आहे. परंतु फणा मुलीचा भार सोसेल काय, मुखवटा कशासाठी, कीर्तिमुखाला धड का नाही, हे प्रश्न विचारणारा आणि उत्तर चुकले तर जबाबदारी घेणारा माणूस लागणारच. मुलांना शिकवावयाचे ते हे विचारणे.

त्यासाठी फार दूर जावयास नको. खारघरातच राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेचे मुंबई केंद्र आहे. वेष आणि वस्तू यांची रचना तेथे रीतसर शिकविली जाते. पेणला गणपतीचे कारखाने आहेत. हत्तीचे मस्तक माणसाच्या खांद्यांवर कसे बसवावे, की ते जोडलेले न दिसता जन्मलेले दिसेल, हे तेथले कारागीर पिढ्यान्‌पिढ्या सोडवीत आले आहेत. उन्हाळ्याच्या सुटीत मुलास एक वही द्यावी आणि पेणच्या एखाद्या कारखान्यात चार दिवस बसवावे. जंजिऱ्याचा शरभ पाहून यावे. दारातल्या मांजराची शंभर चित्रे काढून घ्यावी. आणि प्रत्येक चित्राखाली मुलाने आपले नाव व तारीख लिहावी, एवढा आग्रह धरावा. मागच्यांची नावे गेली; यांची तरी राहावीत.

येत्या पावसाळ्यात पांडवकडा पुन्हा वाहू लागेल. तेव्हा घरातल्या मुलाने विचारले, 'भीम खरेच येथे आला होता काय?' तर हो किंवा नाही म्हणण्याची घाई करू नये. त्याच्या हातात पेन्सिल द्यावी आणि म्हणावे, 'आला असता तर या कड्याखाली तो केवढा दिसला असता, ते काढून दाखव.'