चित्राचा हात सोडून गेलेला आवाज

बंगळूर शहराच्या पूर्वेस, हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या जुन्या विमानतळाच्या पलीकडे, मारतहळ्ळी नावाची वस्ती आहे. नाव कानी पडताच मराठी माणसाला ते आपलेसे वाटते. कोणी त्याचा संबंध मराठ्यांशी जोडतात, तर कोणी तेथून जवळच तयार झालेल्या आणि १९६१ साली प्रथम आकाशात झेपावलेल्या ‘मरुत’ विमानाशी. गावांची नावे बहुधा विमानांहून जुनी असतात, एवढेच मी म्हणेन. परंतु नावाचा वाद बाजूस ठेवला, तरी आज या भागात पुण्याहून, नागपुराहून, कोल्हापुराहून नोकरीनिमित्त आलेली मराठी कुटुंबे बरीच आहेत, आणि त्यांतील पुष्कळांचा चरितार्थ संगणकावर चालतो.

अशा घरी आईवडील चार महिने राहावयास येतात, तेव्हा त्यांच्या सामानात कधीकधी एखादी जुनी चित्रफीतही असते. ऐंशीच्या दशकातले लग्न, एखादी मुंज, आजीची पंचाहत्तरी. मुलगा ती फीत हौसेने संगणकात उतरवून घेतो, मग मोबाईलवर चालेल अशा दुसऱ्या साच्यात ती फाइल बदलतो, आणि पाहू लागतो तो सप्तपदी चालू आहे, पण ऐकू येत आहेत मंगलाष्टके! नववधू उखाणा घेते. तिचे ओठ हलतात, परंतु पतीचे नाव उमटते ते तिने घास उचलल्यावर. कधी ते उमटतच नाही. दिवसभर संगणकाला कामाला लावणारा हा गृहस्थही येथे बुचकळ्यात पडतो. हा दोष आजच्या यंत्रांचा आहे असे त्याला वाटते, आणि ते स्वाभाविक आहे. तथापि त्याचे मूळ शोधू गेल्यास आपणांस बोलपटाच्या जन्मापर्यंत मागे जावे लागते.

नदीच्या पैलतीरावर धोबी कपडे आपटीत असतो, तेव्हा त्याचा हात खाली येतो आधी आणि आपटल्याचा आवाज येतो मागून. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर चालतो. शंभर मीटरांवरच्या धोब्याचा आवाज सेकंदाचा तिसरा भाग उशिरा पोहोचतो. ही गोष्ट आपल्या मनाच्या अंगवळणी पडलेली आहे. म्हणूनच पडद्यावर आवाज थोडा मागे राहिला तर आपण ते चालवून घेतो, पण तो चित्राच्या पुढे धावला की लगेच खटकते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने १९९८ साली जे अंक प्रसिद्ध केले, त्यांत हाच पक्षपात दिसतो: आवाज सेकंदाच्या सुमारे ४५ सहस्रांशांनी पुढे गेला की तो लक्षात येतो, मागे मात्र १२५ सहस्रांशांपर्यंत तो खपून जातो. सृष्टीत आवाज प्रकाशाच्या आधी कधी येतच नाही.

मूकपटाच्या काळी ही अडचण नव्हती. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात लागला, तेव्हा चित्रण करणारा आणि दाखविणारा दोघेही यंत्राची मूठ हाताने फिरवीत. गती थोडी वाढली तर हरिश्चंद्र जरा घाईने चाले, इतकेच. डोळा हे पोटात घालतो. कान तसे करीत नाही. गवयाची तबकडी किंचित जलद फिरली की ऐकणारा घरातले काम टाकून उठतो! चित्राला जेव्हा आवाजाची जोड मिळाली, तेव्हा चित्राची गती कायमची नक्की करावी लागली ती या कानाच्या हट्टापायी.

१९२६ साली अमेरिकेत व्हिटाफोन नावाची पद्धत निघाली. तीत चित्र फिल्मवर असे आणि आवाज एका मोठ्या तबकडीवर. दोन्ही एकाच यंत्राला जोडून फिरविली जात. चित्र सेकंदाला चोवीस चौकटी, तबकडी मिनिटाला तेहतीस आणि एकतृतीयांश फेरे. फिल्म तुटली आणि दोन चौकटी कापून ती पुन्हा सांधली, की तेथून पुढे आवाज त्या दोन चौकटींइतका मागे राही. सुई घसरली तर नायकाच्या तोंडी नायिकेचे बोलणे येई. मारतहळ्ळीतल्या त्या चित्रफितीचा रोग हुबेहूब हाच आहे, हे श्रोत्यांच्या ध्यानी आलेच असेल.

आपल्याकडे आर्देशर इराणी यांचा ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात झळकला. इराण्यांनी चित्र आणि आवाज एकाच फिल्मवर, एकाच वेळी उतरविण्याची पद्धत घेतली होती. जवळून आगगाड्या जात, म्हणून चित्रण पुष्कळसे रात्री चाले. वाजवणारे साथीदार पडद्यावर दिसू नयेत म्हणून त्यांना आडोशाला बसवावे लागे. पुढल्याच वर्षी प्रभात कंपनीने कोल्हापुरात ‘अयोध्येचा राजा’ बोलता केला. आता आवाज आणि चित्र एकाच पट्टीवर आले, तेव्हा त्यांची ताटातूट होणार कशी, असे कोणास वाटेल. परंतु गंमत अशी आहे की त्या एका पट्टीवरही ते शेजारी नसतात. चित्राची चौकट भिंगासमोर क्षणभर थांबावी लागते. आवाजाची रेघ मात्र न थांबता, एकसारखी सरकावी लागते. एकाच ठिकाणी थांबणे आणि सरकणे दोन्ही कसे साधणार? म्हणून आवाज आपल्या चित्राच्या पुढे छापतात, मोठ्या फिल्मवर सुमारे वीस चौकटी, सोळा मिलिमीटरच्या फिल्मवर सव्वीस. यंत्रात फिल्म भरणाऱ्याने मधला वेढा लहानमोठा सोडला की संपूर्ण खेळ बिघडे. म्हणजे बोलपटाच्या बालपणापासून आवाज आणि चित्र हे दोन वाटसरू आहेत. अमुक चालीने चालू, असा त्यांच्यात ठराव झालेला आहे, आणि तो ठराव प्रत्येक यंत्राला ठाऊक असला तरच ते एका वेळी मुक्कामी पोहोचतात.

या ठरावाची कसोटी फाळक्यांच्याच वाट्याला आली. त्यांचा ‘सेतुबंधन’ १९३२ सालचा. बोलपटांच्या लाटेत तो मूकपट कोण पाहणार? तेव्हा त्यावर मागाहून आवाज चढविण्यात आला. मूकपटासाठी हललेल्या ओठांवर शब्द बसविणे म्हणजे दुसऱ्याच्या मापाने शिवलेला अंगरखा घालणे होय. पुढे १९३५ पासून पार्श्वगायनाची प्रथा पडली आणि आपल्या चित्रपटसृष्टीने ही ताटातूट जणू रीतच करून टाकली: गाणे आधी, चेहरा नंतर. संवादही कलागृहात मागाहून भरले जाऊ लागले. आशुतोष गोवारीकरांनी २००१ साली ‘लगान’ चित्रणस्थळीच ध्वनिमुद्रित केला, तेव्हा त्याची बातमी झाली, यातच सर्व आले.

घरगुती चित्रांकडे वळताना दूरदर्शनला वाट पुसावी लागते. चित्रपट सेकंदाला चोवीस चौकटींचा. आपल्या देशाने स्वीकारलेले दूरदर्शन पंचवीस चौकटींचे. चित्रपट पंचवीसच्या गतीने चालविला की तीन तासांचा खेळ सुमारे सात मिनिटे आधी संपतो, आणि पांढरी पाचमध्ये गायिलेले गाणे जवळजवळ काळी चारपर्यंत चढते. अनेकांनी आपली आवडती गाणी अशा चढ्या पट्टीत ऐकली आणि तीच खरी मानली. अमेरिकेची तऱ्हा निराळी. तेथे तीस चौकटी होत्या. १९५३ साली रंग आले, तेव्हा रंगाची लहर आवाजाच्या लहरीत ढवळाढवळ करू नये म्हणून चौकटींची संख्या किंचित घटवून २९.९७ केली. हजारात एक एवढाच हा फरक. पण न्यू जर्सीहून आलेली नातवाच्या बारशाची फीत इकडे बदलून घेताना कोणी तीसच चौकटी धरल्या, की दर तासाला साडेतीन सेकंदांहून थोडे अधिक अंतर पडते. पाळण्याच्या पहिल्या ओळीला सर्व ठीक असते, घुगऱ्या वाटताना मात्र सगळेच मुके बोलू लागतात.

संगणकाच्या युगात चौकटींच्या जोडीला आणखी एक संख्या आली. आवाजाचे दर सेकंदाला हजारो नमुने घेऊन ते अंकांत लिहून ठेवतात. १९८२ साली बाजारात आलेल्या छोट्या तबकडीवर हे नमुने ४४,१०० असतात. ही चमत्कारिक संख्या आली कोठून? त्या काळी अंकांतला आवाज साठविण्यास चित्रफितीची यंत्रेच सोयीची होती. चित्राच्या प्रत्येक रेघेत तीन नमुने बसवीत. अमेरिकी पद्धतीच्या २४५ रेघा, सेकंदाला साठ वेळा; आपल्याकडच्या पद्धतीच्या २९४ रेघा, पन्नास वेळा. दोन्ही गुणाकार करून पाहावे, उत्तर ४४,१०० च येते. चित्रपट व दूरदर्शनवाल्यांनी मात्र पुढे ४८,००० ही संख्या धरली, आणि १९९५ नंतरच्या घरगुती कॅमेऱ्यांत चार वाटांनी आवाज घेण्याची सोय म्हणून ३२,००० हीही ठेवली. झाले! एका घरात तीन मापे आली.

४८,००० ची फाइल ४४,१०० समजून वाचली तर तासाभराचा आवाज पासष्ट मिनिटे रेंगाळतो आणि बोलणारा दमल्यासारखा, जड घशाने बोलतो. ३२,००० ची फाइल ४८,००० समजून वाचली तर गती बरोबर दीडपट होते. आणि दीडपट म्हणजे काय, हे संगीत जाणणारास सांगावयास नको. षड्जाचा पंचम होतो. ज्या आजीने मंद्र स्वरात ओवी म्हटली, ती बालकाच्या स्वरात म्हणू लागते. मुले हसतात. आजी हयात नसेल तर घरातील वडीलधाऱ्यांना ते हसणे सोसवत नाही. येथे लक्षात घ्यावयाचे ते असे की आजीचा आवाज हरवलेला नाही. एकही नमुना कमी झालेला नाही. ठरावातील एक संख्या चुकीची वाचली गेली, ती दुरुस्त करताच षड्ज जागेवर येतो.

तेव्हा दोष ओळखावा कसा? चित्रपटवाले आरंभी फळी आपटतात ती त्यासाठीच. घरच्या लग्नात फळी नसते, परंतु आरतीच्या टाळ्या असतात, नारळ फोडलेला असतो. फितीच्या आरंभी एक आणि अखेरीस एक असा क्षण निवडावा आणि दोन्ही ठिकाणचे अंतर मोजावे. दोहोंकडे अंतर सारखेच असेल, तर आवाज तेवढा मागेपुढे सरकवला की काम झाले. फाइल बांधताना आरंभी काही अंश रिकामा राहिला, एवढाच त्याचा अर्थ. अंतर वाढत गेलेले असेल तर गतीचा दोष आहे, आणि वाढीचे प्रमाण स्वतःच गुन्हेगाराचे नाव सांगते: हजारात एक असेल तर अमेरिकी चौकटी, शेकड्यास चार असेल तर चोवीस-पंचवीस, शेकड्यास आठ असेल तर नमुन्यांची संख्या. अंतर मध्येच उडी मारून वाढत असेल, तर फीत उतरवताना यंत्राने चौकटी गाळल्या. अशा वेळी गणित करीत बसण्यापेक्षा फीत पुन्हा उतरवावी. मोबाईलच्या चित्रणात आणखी एक खोडी असते. उजेड कमी झाला की तो आपल्या मनाने चौकटी कमी करतो, आणि एकच गती गृहीत धरणारी जुन्या घडणीची फाइल, १९९२ सालच्या एव्हीआयसारखी, हे जाणत नाही. अशा चित्रणाला आधी एकसारख्या चौकटींत बसवून मग पुढचे संस्कार करावेत.

आवाज मुळीच येत नसेल, तर घाबरण्याचे कारण त्याहूनही कमी. फाइल म्हणजे एक पेटी; तीत चित्र एका लिपीत आणि आवाज दुसऱ्या लिपीत लिहिलेला असतो. पुष्कळ घरगुती कॅमेरे आवाज डॉल्बीच्या लिपीत लिहीत, आणि ती लिपी परवान्याची असल्याने काही संगणकांना वाचता येत नसे. तो वाचणारी आज्ञावली मिळाली की मुका झालेला प्रसंग बोलू लागतो. एक विचित्र प्रकार मात्र सांगून ठेवतो. डाव्या-उजव्या वाहिन्यांपैकी एकीची तार उलटी जोडली गेली असेल, तर एकाच कर्ण्याच्या मोबाईलवर दोन्ही मिसळताच मधोमध असलेला आवाज एकमेकांना खाऊन टाकतो. तबला वाजत राहतो, गाणारी बाई नाहीशी होते. कानाला लावायचे कर्णे वापरून पाहिले की ती परत येते.

हे सारे संगणकातले दोष संगणकात निस्तरता येतात, मात्र मूळ फीत जपून ठेवलेली असली पाहिजे. ‘आलम आरा’ची एकही प्रत आज उपलब्ध नाही; तिच्या आवाजाला दुरुस्त करावयास काही उरलेच नाही. घरगुती फितीवर चित्र मधोमध तिरप्या रेघांत असते आणि साधा आवाज कडेच्या अरुंद पट्टीत. कड दुमडली, ओल लागली की चित्र शाबूत राहून आवाज जातो. आवाज वाचणारे डोके किंचित कलते असले तरी तो कापसात गुंडाळल्यासारखा येतो, आणि तो तसाच संगणकात उतरला तर पुढे कितीही साचे बदलले तरी उपयोग नाही. अशी यंत्रे तयार करणारी अखेरची कंपनी, जपानची फुनाई, हिने २०१६ साली ते काम थांबविले; आज चालतात ती सारी जुनी. त्या डोक्याशेजारी एक लहानसा स्क्रू असतो. फीत चालू ठेवून, मंगलाष्टकांकडे कान देऊन तो हळूहळू पिळावयाचा असतो, ‘शुभमंगल’ आणि ‘सावधान’ यांतील श आणि स वेगवेगळे ऐकू येईपर्यंत.