मोटारीच्या मूळ स्टिरिओला ॲम्प्लिफायर आणि सबवूफरची जोड

नवी मोटार दारात आली, की पहिले काही दिवस तिच्या स्टिरिओचेही कौतुक होते. मग एखाद्या दिवशी पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर काचा वर करून आवाज वाढवला जातो आणि तबल्याची चाट तेवढी टणटणत राहते. डग्गा कुठल्या कुठे हरवलेला असतो. टायर आणि इंजिनाचा गोंगाट मुख्यतः खालच्या पट्टीतला असतो. तो नेमका संगीतातल्या खर्जालाच गिळतो. यावर उपाय म्हणून मूळ स्टिरिओ तसाच ठेवून त्याला बाहेरचा ॲम्प्लिफायर आणि सबवूफर जोडण्याची पद्धत रूढ झाली. आजकालच्या गाड्यांत स्टिरिओच्या पडद्यावरच मागचा कॅमेरा आणि गाडीच्या इतर सोयी असतात. त्यामुळे तो काढून दुसरा बसवणे पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही.

स्टिरिओवर '५० वॅट गुणिले ४' असे छापलेले असले, तरी तो आकडा क्षणिक कमाल शक्तीचा असतो. इंजिन चालू असताना गाडीतला विद्युतदाब साधारण १४.४ व्होल्ट असतो. एवढ्या दाबावर ४ ओहमच्या स्पीकरला स्वच्छ आणि सलग अशी शक्ती फार तर १८ ते २२ वॅट मिळते. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार? बाहेरच्या ॲम्प्लिफायरमध्ये हाच १२ व्होल्टचा दाब आतल्या आत वाढवून घेणारे मंडल असते. त्याची खरी किंमत त्यासाठीच मोजायची. विकत घेताना 'मॅक्स' किंवा 'पीक' हे शब्द सोडून 'आरएमएस' वॅटचा आकडा विचारावा. दुकानाच्या काचेवर झळकणारे हजारांतले वॅट या प्रश्नापुढे बहुधा शेकड्यांत येतात.

मात्र पैसे खर्चायचा क्रम अनेकदा उलटा होतो. दरवाजाचा पत्रा पातळ असतो आणि त्याला मोठमोठी छिद्रे असतात. स्पीकरच्या मागचा आवाज त्यांतून पुढे येतो आणि पुढच्या आवाजातला खर्ज मारून टाकतो. पत्र्याला डॅम्पिंग शीट चिकटवून ही छिद्रे बंद केली, तर मूळ स्पीकरही ओळखू येणार नाही इतका सुधारतो. ते करून समाधान झाले नाही, तरच पुढच्या खर्चाकडे वळावे.

मूळ स्टिरिओला बहुधा आरसीए सॉकेट नसते. अशा वेळी स्पीकरच्या तारांतूनच संदेश घेतला जातो. काही ॲम्प्लिफायरना त्यासाठी 'हाय लेव्हल इनपुट' असते. नसल्यास मध्ये 'लाइन आउटपुट कन्व्हर्टर' बसवतात. मूळ तारा कापण्याऐवजी त्या गाडीसाठी मिळणारे कपलर वापरावे. त्यामुळे वॉरंटीचा वाद टळण्याची शक्यता वाढते आणि गाडी विकताना सारे काही काढूनही घेता येते. आणखी एक अडचण अशी, की कित्येक मूळ स्टिरिओ आवाज वाढताच खर्ज आपणहून कमी करतात, जेणेकरून छोटे स्पीकर फाटू नयेत. असा कापलेला संदेश कितीही मोठा केला, तरी त्यात खर्ज येत नाही. तेथे डीएसपी, म्हणजे संदेशाची दुरुस्ती करणारा प्रोसेसर, उपयोगी पडतो.

सर्वांत गंभीर भाग वीजपुरवठ्याचा. ५०० वॅट आरएमएसचा क्लास-डी ॲम्प्लिफायर ८० टक्के कार्यक्षम धरला, तरी पूर्ण जोरात तो ४५ अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढतो. संगीतात एवढी मागणी सतत नसते, पण तार निवडताना हाच आकडा धरावा लागतो. स्टिरिओच्या किंवा सिगारेट लायटरच्या तारेवर हा भार टाकणे म्हणजे आगीला आमंत्रण. बॅटरीपासून थेट स्वतंत्र तार आणावी. वरील भाराला ४ गेजची, म्हणजे सुमारे २१ चौरस मिलिमीटरची शुद्ध तांब्याची. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या बऱ्याच तारा तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या असतात आणि त्याच जाडीत कमी प्रवाह वाहतात.

या तारेवर बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज हवाच. ॲम्प्लिफायरवरचा फ्यूज ॲम्प्लिफायरपुरता असतो. बॅटरीजवळचा फ्यूज तारेला जपतो. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून जाताना तारेचे आवरण घासले गेले आणि ती पत्र्याला टेकली, तर फ्यूजविना बॅटरीचा सारा प्रवाह तेथे मोकळा होतो. म्हणून त्या छिद्रात रबरी ग्रोमेटही हवे. ऋण टोकाची तार आखूड ठेवून, रंग खरवडलेल्या पत्र्यावर बोल्टने घट्ट आवळावी. ती सैल राहिली, तर इंजिनाच्या वेगाबरोबर चढत जाणारी शीळ स्पीकरमधून येऊ लागते. वीजतार आणि संदेशाची तार एकाच बाजूने नेल्यासही तोच त्रास होतो. पिवळ्या आवरणातल्या तारा एअरबॅगच्या असतात, त्यांना हात लावू नये. विजेवरच्या मोटारींतल्या केशरी तारा तर उच्च दाबाच्या. ॲम्प्लिफायरची जोडणी तेथेही १२ व्होल्टच्या बॅटरीलाच होते.

सबवूफर कोणता, याचे उत्तर डिकीत दडलेले असते. बंद पेटीतला खर्ज आटोपशीर आणि ठाशीव, तर भोकाची पेटी अधिक घुमणारी पण आकाराने मोठी. आठवड्याचा बाजार आणि गावच्या बॅगा डिकीत ठेवणाऱ्या कुटुंबाने सीटखाली बसणारा, ॲम्प्लिफायरसह येणारा छोटा सबवूफर घ्यावा. बंद मोटारीची लहान पोकळी खालच्या पट्टीला आपणहून उठाव देते. त्यामुळे घरच्या मानाने येथे थोडक्यात भागते. दोन कॉइलचा सबवूफर असल्यास जोडणीने ओहम बदलतात: ४ ओहमच्या दोन कॉइल समांतर जोडल्या की २, एकसर जोडल्या की ८. ॲम्प्लिफायरला सोसेल त्याहून कमी ओहम देऊ नयेत.

बसवून झाल्यावरची जुळवणी बहुतेक जण उरकून टाकतात. 'गेन'ची कळ म्हणजे आवाजाची कळ, हा गैरसमज अनेक सबवूफरच्या मुळावर आला आहे. स्टिरिओतून येणाऱ्या संदेशाशी ॲम्प्लिफायरचा मेळ घालणे, एवढेच तिचे काम. स्पीकर सोडवून, स्टिरिओचा आवाज पाऊणपट ठेवून, चाचणीचा स्वर वाजवावा आणि मल्टिमीटरने बाहेरचा एसी दाब मोजावा. १०० वॅट आणि ४ ओहमसाठी तो २० व्होल्ट आला, की कळ तेथेच सोडावी. त्यापुढे लहरींची टोके छाटली जातात. त्या छाटलेल्या आवाजानेच कॉइल तापून जळते. सबवूफरला ८० हर्ट्झच्या खालचे आणि दरवाजांना त्याच्या वरचे स्वर वाटून दिले, की दरवाजांचे स्पीकरही मोकळे होतात.

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत निवासी भागाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि खर्ज बंद काचांमधूनही सहज बाहेर पडतो. शिवाय विम्याच्या कागदात या वाढीव उपकरणांची नोंद करून जादा हप्ता भरावा लागतो. नाहीतर चोरी झाली, तर भरपाई केवळ मूळ स्टिरिओची.

पहिल्या आठवड्यानंतर सारे बोल्ट पुन्हा एकदा आवळून पाहावेत आणि रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीचा दाब सकाळी मोजावा. निरोगी बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असते. रोज सकाळी ती १२.२ च्या खाली येत असेल, तर 'रिमोट'ची तार चुकीच्या ठिकाणी जोडली गेली आहे आणि ॲम्प्लिफायर रात्रभर जागाच राहतो आहे, असा पहिला संशय घ्यावा.