रूळ गेले, वाट राहिली

इंग्लंडच्या वायव्य कोपऱ्यात डोंगर आणि तळी यांचा एक लहानसा मुलूख आहे. लेक डिस्ट्रिक्ट त्याचं नाव. शाळेत डॅफोडिल्सची कविता पाठ केलेल्यांनी तो न पाहताच पाहिलेला असतो. वर्डस्वर्थचा हा मुलूख. आज तिथे जाणाऱ्यांपैकी बहुतेक जण मोटारीने जातात आणि उन्हाळ्यातल्या शनिवारी तळ्याकाठच्या अरुंद रस्त्यांवर मोटारींच्या रांगा लागतात. या गर्दीतून सुटून सायकलवर निवांत फिरायचं, तर तिथले जाणकार तुम्हाला एका विशिष्ट वाटेकडे पाठवतात. केझिक या गावापासून (नावात डब्ल्यू आहे, पण तो उच्चारायचा नाही) थ्रेलकेल्ड या खेड्यापर्यंत, ग्रेटा नदीच्या घळीतून जाणारी ही वाट जेमतेम पाच कि.मी. लांबीची आहे. ओक आणि बर्चची झाडी, खाली खळाळतं पाणी, आणि पाठीमागून हॉर्न वाजवणारं कोणी नाही. ही शांत वाट मुळात रेल्वेमार्ग होती. आणि शांततेसाठी या मुलखाने आयुष्यभर कोणाशी वैर धरलं असेल, तर ते रेल्वेशी.

भांडणाची सुरुवात स्वतः वर्डस्वर्थने केली. १८४४ साली केंडालहून विंडरमिअर तळ्याकडे रेल्वे नेण्याची योजना निघाली. कवी तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचा होता, आदल्याच वर्षी राजकवी झालेला. त्याने ‘मॉर्निंग पोस्ट’ या दैनिकात पत्रं लिहिली, निषेधाचं सुनीत लिहिलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की निसर्गसौंदर्याची जाण हळूहळू, सवयीने येते; कारखान्यातल्या माणसांना गाड्या भरभरून आणून तळ्याकाठी सोडल्याने ती येणार नाही, उलट ती जागा मात्र बिघडेल. गंमत अशी, की याच माणसाने आपल्या प्रवासी मार्गदर्शिकेत हा प्रदेश साऱ्या राष्ट्राचा ठेवा मानावा, असंही सुचवलं होतं. ठेवा राष्ट्राचा, पण राष्ट्राने तिथे घोळक्याने येऊ नये! त्याच्या पत्रांचा उपयोग झाला नाही. १८४७ साली विंडरमिअरची गाडी सुरू झाली; ती आजही चालते.

आपल्या वाटेची रेल्वे मात्र पर्यटकांसाठी नव्हतीच. पूर्वेला डरहॅमच्या खाणींत कोकसाठी उत्तम कोळसा होता, पश्चिमेला कंबरलंडच्या किनाऱ्यालगत लाल लोहखनिज होतं, आणि मध्ये हा डोंगराळ मुलूख. कॉकरमथ, केझिक आणि पेनरिथ रेल्वे या लांबलचक नावाच्या छोट्या कंपनीने हे दोन्ही जोडले. पन्नास कि.मी.चा मार्ग, १८६४ च्या शरदात मालगाड्या सुरू झाल्या आणि जानेवारी १८६५ मध्ये प्रवासी. आपला बोरघाट त्याच्या दोनच वर्षं आधी खुला झाला होता. या मार्गाचं पश्चिमेकडचं टोक असलेलं कॉकरमथ हे वर्डस्वर्थचं जन्मगाव. तो १८५० मध्ये वारला होता, हे एका अर्थी बरंच झालं.

मार्ग आखला थॉमस बाउच या इंजिनिअरने. हे नाव इतिहासात वाईट कारणासाठी राहिलं आहे. त्याने बांधलेला स्कॉटलंडमधला टे नदीवरचा पूल १८७९ च्या डिसेंबरात, वादळी रात्री, धावत्या गाडीसकट कोसळला. बदनाम झालेला बाउच पुढच्या वर्षी मरण पावला. पण केझिकजवळचं त्याचं काम पाहावं. घळ इतकी नागमोडी की नदी आठ वेळा ओलांडावी लागते, आणि त्यासाठी त्याने घडीव लोखंडाचे पूल घातले. त्यांतल्या काहींची कमान नेहमीसारखी वर नसून रुळांच्या खाली, पोटाशी धरल्यासारखी आहे. कोळशाच्या गाड्या ओढणाऱ्या इंजिनाला उभा चढ चालत नाही, म्हणून सगळा मार्ग सौम्य उताराचा. दीडशे वर्षांनी तोच हिशेब सायकलवाल्याच्या गुडघ्यांच्या कामी येतो. मी या वाटेने थ्रेलकेल्डकडे गेले ती चढाने, आणि चढ आहे हे परतताना, पायडल न मारता सायकल पळू लागली तेव्हाच कळलं.

या रेल्वेचा एक धागा आपल्यापर्यंतही येतो. केझिकला १८७५ पासून दर उन्हाळ्यात ख्रिस्ती भाविकांची मोठी परिषद भरते. अमेरिकेहून परतताना पंडिता रमाबाई १८९८ साली त्या परिषदेत बोलल्या. त्या काळी परिषदेला लांबून येणारी माणसं गाडीनेच केझिकला उतरत. त्या स्टेशनची दगडी इमारत अजून उभी आहे, फलाट आहे, वरचं छप्पर आहे. शेजारचं हॉटेल आता तिथे खुर्च्या-टेबलं मांडतं. सायकलची वाट या फलाटापासूनच सुरू होते.

रेल्वेविरुद्धचं भांडण मात्र वर्डस्वर्थबरोबर संपलं नाही. १८७६ साली जॉन रस्किनने नव्या रेल्वेमार्गांविरुद्ध लिहिलं. १८८३ मध्ये हॉनिस्टरच्या खाणीतला पाटीचा दगड वाहून नेण्यासाठी बटरमिअरकडून रेल्वे काढायचं ठरलं, तेव्हा केझिकच्या शेजारच्या क्रॉस्थ्वेटचा नवा धर्मगुरू हार्डविक रॉन्सली उभा राहिला, आणि ती योजना मागे घ्यावी लागली. हा रॉन्सली मला वर्डस्वर्थपेक्षा जास्त आवडतो. कारण त्याने नुसतं ‘येऊ नका’ म्हटलं नाही. १८८७ साली केझिकलगतच्या लॅट्रिग टेकडीवर जाणारी जुनी पायवाट जमीनमालकाने अडवली, तेव्हा पायवाट संरक्षण समितीने अडथळे दूर केले आणि ऑक्टोबरात सुमारे २००० माणसं ती टेकडी चढून गेली. प्रकरण कोर्टात गेलं आणि टेकडीची वाट लोकांना मिळाली. म्हणजे तोच माणूस एकीकडे रेल्वे अडवतो आणि दुसरीकडे माणसांसाठी वाट उघडतो. यात विसंगती शोधणाऱ्यांनी शोधावी. मला तरी ती दिसत नाही. त्याला डोंगर रिकामे नको होते, डोंगर विकले जायला नको होते. १८९५ मध्ये ऑक्टेव्हिया हिल आणि रॉबर्ट हंटर यांच्याबरोबर त्याने ‘नॅशनल ट्रस्ट’ स्थापन केला. जमिनी विकत घेऊन लोकांसाठी कायमच्या राखून ठेवायच्या, ही ती कल्पना.

रेल्वेला शेवटी हरवलं ते कवींनी नाही, मोटारीने. खाणी आटल्या, माल कमी झाला, प्रवासी मोटारीत बसले. १९६३ च्या बीचिंग अहवालाने देशभरच्या तोट्यातल्या मार्गांवर काट मारली. केझिकच्या पश्चिमेचा भाग १९६६ मध्ये बंद झाला आणि पेनरिथकडची शेवटची गाडी १९७२ च्या मार्चमध्ये सुटली. त्यानंतर जे झालं ते वर्डस्वर्थने पाहिलं असतं, तर त्याने रेल्वेची क्षमा मागितली असती. बॅसनथ्वेट तळ्याच्या पश्चिम काठाने जिथे रूळ होते, तिथे ए-६६ हा मोटाररस्ता आला. केझिकला वळसा घालणाऱ्या त्याच रस्त्याच्या बांधकामात एक जुना बोगदा भरावाखाली गाडला गेला. बॉबिन मिल टनेल त्याचं नाव. जवळच सूतगिरण्यांसाठी लाकडी बॉबिन बनवणारा कारखाना होता. गिरणगावातल्या जुन्या माणसांना बॉबिन म्हणजे काय ते सांगायला नको.

उरलेला तुकडा पायी चालणाऱ्यांना मिळाला. इकडे ब्रिस्टल शहरात १९७७ साली जमलेल्या सायकलप्रेमींच्या एका गटाने बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवर सायकलच्या वाटा करायचं काम हाती घेतलं होतं. त्यातूनच पुढे ‘सस्ट्रान्स’ ही संस्था उभी राहिली. १९९४ मध्ये त्यांनी इंग्लंडच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे २२५ कि.मी.चा सायकलमार्ग खुला केला. त्याची सुरुवात व्हाइटहेवनच्या बंदरातून, तीही लोहखनिज वाहणाऱ्या जुन्या रेल्वेच्या वाटेनेच. वारा बहुधा पश्चिमेचा असतो, म्हणून माणसं मागचं चाक आयरिश समुद्रात भिजवून पूर्वेकडे निघतात. सगळा मार्ग मोटारविरहित नाही, हेही सांगायला हवं. मध्ये व्हिनलॅटरची खिंड आहे, कुंपणांमधले गाडीरस्ते आहेत. पण केझिकला आलं की पुन्हा जुनी रेल्वे भेटते.

५ डिसेंबर २०१५ रोजी ‘डेस्मंड’ वादळ आलं. हॉनिस्टर खिंडीत चोवीस तासांत ३४१ मि.मी. पाऊस पडला. कोकणातल्या माणसाला हा आकडा मोठा वाटणार नाही, पण ब्रिटनच्या नोंदींत तो विक्रम ठरला. ग्रेटेने दोन पूल वाहून नेले आणि वाट जागोजागी खचली. ती पुन्हा बांधायला पाच वर्षं आणि जवळजवळ ८० लाख पौंड लागले. गाडलेला बोगदा उकरून मोकळा केला गेला आणि डिसेंबर २०२० मध्ये वाट खुली झाली. यावेळी तिच्यावर डांबर होतं. त्यावरून भांडण पेटलं. पूर्वीची खडीची, मातकट वाटच या मुलखाला शोभते, डांबराने तिचा रस्ता होतो, असं म्हणणाऱ्यांनी विरोध केला. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला, बाबागाडी ढकलणाऱ्या आईला, काठीच्या आधाराने चालणाऱ्या म्हाताऱ्याला खडीवरून जाता येत नाही, असं दुसऱ्या बाजूचं म्हणणं. हा मुलूख २०१७ मध्ये जागतिक वारसा ठरला, तेव्हा निसर्गरक्षणाची चळवळ इथे जन्मली याचीही दखल घेतली गेली होती. पण त्या चळवळीच्या पोटातला मूळ वाद, कोणी यावं आणि कसं यावं हा, पाच कि.मी. डांबरावर पुन्हा उभा राहिला.

मी स्वतः डांबराच्या बाजूची आहे. त्या वाटेवर मला एक गृहस्थ भेटले, विजेवर चालणाऱ्या खुर्चीत. नव्या पुलाच्या मधोमध थांबून ते खाली पाणी पाहत होते. मी घंटी वाजवली, त्यांनी खुर्ची कडेला घेतली, आणि हवेबद्दल आम्ही चार वाक्यं बोललो. इंग्लंडात दुसरं काय बोलणार! रेडिओवर हे चित्र दाखवता येत नाही, पण खडीच्या जुन्या वाटेवर ते पुलापर्यंत पोहोचले असते असं मला वाटत नाही.

थ्रेलकेल्डला ही वाट संपते आणि पुढे पेनरिथकडे जाताना ए-६६ चा आवाज बराच काळ सोबत करतो. या भागातली मोटारींची गर्दी कमी व्हावी म्हणून पेनरिथ ते केझिक रेल्वे पुन्हा सुरू करा, अशी मागणी आता काही जण करतात. गाडी परत आली तर सायकलची वाट कुठून न्यायची, हा प्रश्न मात्र उरतोच.