शब्दवेध : दस्तऐवज

‘दस्तऐवज’ हा शब्द आपण दस्त आणि ऐवज असा सहज फोडतो. चोरीला जातो तो ऐवज. म्हणजे मोलाचा कागद तो दस्तऐवज, असं वाटतं. पण ऐवज मूळचा अरबी, ‘इवज’, म्हणजे मोबदला. दस्तऐवजाशी त्याचं नातं नाही. फारसीत हा शब्द ‘दस्तावेज’ असा आहे. दस्त म्हणजे हात, आवेज म्हणजे लटकणं, धरून राहणं. हाताने घट्ट धरावा असा आधार, तो दस्तावेज. मराठी कानाने त्यात ओळखीचा ऐवज ऐकला.

मराठवाड्यातल्या सेलूसारख्या गावात हा शब्द उर्दूतूनही कानी पडत असे. १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात होता आणि दरबारी कारभार उर्दूत चाले. त्या काळचे जमिनीचे उर्दू कागद मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत आजही आहेत.

दाव्याचा आधार असलेला कागद हाताशी धरलेला असावा, हीच अपेक्षा दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ धरते. आदेश ७, नियम १४ प्रमाणे वादीने ज्यावर भिस्त ठेवली ते कागद यादीसह दाव्यासोबतच द्यायचे. राहिलेला कागद पुढे कोर्टाच्या परवानगीशिवाय पुराव्यात घेतला जात नाही. आदेश ११ खाली समोरच्याकडचे कागदही शपथेवर उघड करायला लावता येतात. हा नियम मला फार न्याय्य वाटतो. कागद बहुधा बलवानाच्या कपाटात असतो.

म्हणून दावा लावण्याआधीच घरातली जुनी पेटी उघडा, उर्दू कागद जाणकाराकडून वाचून घ्या आणि वकिलांना सगळे दाखवा.