'प्रपंच-पाश' : एका विस्मृत मूकपटाची कथा

द्यूतापायीं राज्यें बुडाल्याचीं उदाहरणें आपल्या वाङ्मयांत थोडीं नाहींत. सभापर्वांतील युधिष्ठिर आणि वनपर्वांतील नल, दोघेही फांशांमुळेंच देशोधडीस लागले. महाभारतांतील याच सूत्रावर १९२९ सालीं 'प्रपंच-पाश' हा कृष्णधवल मूकपट निघाला. निर्माते हिमांशू राय, कथालेखक निरंजन पाल आणि दिग्दर्शक म्यूनिकचे फ्रान्झ ऑस्टेन. जर्मनी व इंग्लंड येथील कंपन्यांचें त्यास साह्य होतें.

रणजित व सोहत हे दोन राजे, दोघेही द्यूताचे व्यसनी. मृगयेच्या निमित्तानें सोहत रणजिताचा कांटा काढूं पाहतो. बाणानें घायाळ झालेला रणजित कण्व नामक तपस्व्याच्या आश्रयास येतो व त्याची कन्या सुनीता हिच्यावर त्याचें मन जडतें. सोहतासही तीच हवी असते. अखेर विवाहाच्या तोंडावर तो कपटाचे फांसे टाकून रणजिताचें राज्यच नव्हे, तर स्वातंत्र्यही जिंकून घेतो. शत्रूच्या बाणांतून वांचलेला पुरुष स्वतःच्या व्यसनास बळी पडतो, हेंच या कथेचें मर्म होय. पुढें कपट उघडकीस येऊन सोहताचा अंत होतो.

सोहताची भूमिका स्वतः राय यांनीं केली. रणजित झाले चारू रॉय आणि सुनीता झाल्या सीतादेवी. चित्रण राजपुतान्यांत झालें. त्यासाठीं दहा हजार माणसें, एक हजार घोडे व पन्नास हत्ती जमविले होते, असें सांगतात. या राय व ऑस्टेन यांनींच पुढें १९३४ सालीं मालाड येथें स्थापन झालेल्या 'बॉम्बे टॉकीज'चा पाया भक्कम केला.

परंतु १४ मार्च १९३१ रोजीं मुंबईस 'आलम आरा' हा बोलपट झळकला आणि मूकपटांचा काळ सरला. भारतांत सुमारें १,३०० मूकपट निघाले. त्यांपैकीं फारच थोडे उरले आहेत. त्या फिती ज्वालाग्राही होत्या. कित्येक जळाल्या, कित्येक कुजल्या, तर कित्येक आंतील चांदीसाठीं वितळविल्या गेल्या. 'प्रपंच-पाश' वांचला, कारण त्याची प्रत लंडनमधील संग्रहांत राहिली. २००६ सालीं तेथेंच तिचा जीर्णोद्धार झाला.

शिलालेख व ताम्रपट जपावे, हें सर्वांस पटतें. चित्रपटाची फीत त्यांहून कितीतरी नाजूक. पण तिची काळजी घेण्यास आपणांस विलंब झाला. पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ सालीं स्थापन झालें, तेव्हां मूकपटांचा काळ संपून तीस वर्षें लोटलीं होतीं.